तळहात उघडून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेंगीच्या साथीवरची आपली बातमी वाचली. पावसाळा सरला की आमच्या सांगोला भागात तापाचं लेकरू आलं, की डेंगी आणि प्लेटलेट यांपलीकडे चर्चाच जात नाही. म्हणून गोचिडीमुळे येणाऱ्या एका तापाबद्दल लिहितो.

परवा एका वाडीवरून सहा वर्षांची मुलगी आणली होती. तापाचा पाचवा दिवस. फाईलमध्ये डेंगी निगेटिव्ह, प्लेटलेट कमी आणि विडाल ही टायफॉईडची रक्ततपासणी 'पॉझिटिव्ह', त्यामुळे टायफॉईड समजून सेफ्ट्रायझोन या अँटिबायोटिकच्या सुया चालू. (एका विडालवर टायफॉईड ठरवायची सवय आपल्याकडे कधी सुटणार, देव जाणे.) पोरगी मुठी मिटून बसलेली. उघडल्या तर तळहातांवर लालसर-जांभळे ठिपके, तळपायांवरही तसेच. घरात जनावरं आहेत का विचारलं, तर आजी म्हणाली, "शेरडं हायती, कुत्रं हाय. गोचड्या तर रोज वेचतीया की ही."

निदानाचा निम्मा भाग त्या वाक्यात होता. हा इंडियन टिक टायफस. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड रिकेट्सिया कोनोराय हा जिवाणू माणसात सोडते. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींत शिरून वाढतो. पुरळ येतं ते त्यामुळेच, आणि सेफ्ट्रायझोनचा उपयोग होत नाही तोही त्यामुळेच. पुरळ बहुधा मनगट-घोट्यांपासून सुरू होऊन अंगभर पसरतं. गोचीड चावल्याचं अनेकांना आठवतही नाही.

या तापासाठीची वील-फेलिक्स ही रक्ततपासणी स्वस्त आहे, पण पहिल्या आठवड्यात ती पुष्कळदा निगेटिव्ह येते. आयजीएम एलायझा ही रक्तातल्या अँटिबॉडी शोधणारी तपासणी अधिक भरवशाची, पण अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतोच. त्यामुळे दाट संशय आला की रिपोर्टची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करावं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१५ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. लहान मुलांचे दात खराब होतील म्हणून काही सहकारी कचरतात. थोड्या दिवसांच्या कोर्सनं दातांवर डाग पडत नाहीत. या मुलीचा ताप दोन दिवसांत उतरला. उशीर झाला असता तर मेंदू, किडनीपर्यंत प्रकरण गेलं असतं.

पालकांनी गोळ्या मनानं आणू नयेत. डॉक्टरांना गोठा, कुत्रं, गोचीड यांबद्दल आपणहून सांगावं. गोचीड नखानं चिरडू नये, रॉकेल ओतू नये, काडी लावू नये. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि हात साबणानं धुवावेत.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ, सांगोला