डबा आला, किल्ली तिकडेच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला मुक्त व्यापार करारांवरचा लेख दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. आयातशुल्क उतरले की विकसनशील देशांत तंत्रज्ञान ‘आपोआप झिरपते’, असे लेखकमहाशय म्हणतात. मी तीस वर्षे प्रयोगशाळा सहायक होतो. झिरपलेले पुसायचे काम माझ्याकडेच असे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या विभागात एक परदेशी स्पेक्ट्रोफोटोमीटर होता, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजणारे यंत्र. यंत्र म्हणून नाव ठेवायला जागा नाही. दिवा बदलला, आरसे पुसले की पुन्हा कामाला हजर. पण तो चालायचा त्यांच्या सॉफ्टवेअरवर, आणि सॉफ्टवेअर चालायचे संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला खोचलेल्या एका डोंगलवर, म्हणजे परवान्याच्या किल्लीवर. काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी ती. एकदा झाडलोट करताना टेबल भिंतीला टेकले आणि तिच्या दोन पिना वाकल्या. सरळ करायला गेलो, तर एक हातातच आली. त्यानंतर पडद्यावर एकच ओळ : परवाना सापडला नाही. आत दिवा लागतोय, चक्र फिरल्याचा आवाज येतोय, आकडा मात्र बाहेर येत नाही.

कंपनीला लिहिले. उत्तर आले की या मॉडेलचा सपोर्ट बंद झाला आहे, नव्या मॉडेलचे कोटेशन सोबत जोडले आहे. आम्ही म्हटले, डोंगल राहू द्या, यंत्र संगणकाशी कोणत्या आज्ञांनी बोलते तेवढा तक्ता द्या, पुढचे आमची मुले बघतील. त्यावर, ती गोपनीय मालमत्ता आहे, असे दोन ओळींचे पत्र. एम.एस्सी.चा एक मुलगा म्हणाला, “काका, दोन रात्री द्या, कुलूप काढतो.” विभागप्रमुखांनी ‘नको रे बाबा’ म्हणत त्याला हात जोडले. शेवटी यंत्रावर कव्हर चढले, ते कोपऱ्यात गेले आणि कुणीतरी त्यावर कुंडी ठेवली. कुंडीला पाणी मीच घालत असे. तेव्हा झिरपण्याबद्दल मला कुणी सांगू नये.

शुल्क उतरल्याने काहीच झाले नाही, असे मी म्हणत नाही. १९९७ च्या माहिती तंत्रज्ञान करारानंतर संगणकांवरचे शुल्क गेले, ते बरेच झाले. पण लेखात शुल्काचे रकानेच्या रकाने आहेत, ‘ग्राहकांची चांदी’ अशी चौकटही आहे, आणि सोर्स कोडच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मूळ लिखाणाच्या, कलमावर अवाक्षर नाही. २०१८ मध्ये लागू झालेल्या सीपीटीपीपी या, मुख्यतः प्रशांत महासागराकाठच्या देशांच्या, व्यापार करारात ते कलम आहे : बाजारात सर्रास विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आयातीला किंवा विक्रीला, सोर्स कोड द्या, अशी अट सरकारने घालायची नाही. व्हिएतनाम, मलेशिया, पेरू हे त्यात बांधलेले आहेत. २०२० च्या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारात अल्गोरिदमही, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या पायऱ्यांनी उत्तर काढते त्याही, या पांघरुणाखाली घेतले. सरकारला विशिष्ट चौकशीपुरता कोड मागण्याची मुभा आहे म्हणे. पण आत डोकावल्याशिवाय चौकशी कशाची करायची, हे कळणार कसे?

गंमत पुढेच आहे. हे कलम गावोगाव घेऊन फिरणाऱ्या अमेरिकेनेच ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेतल्या वाटाघाटींत त्याचा आग्रह सोडला. कारण काय, तर घरी धोरण ठरवायला मोकळीक हवी. त्यांना हवी, पेरूला नको!

कुलूप काढू म्हणणाऱ्या त्या मुलाचेही तेच. पेरू, मोरोक्को यांच्याशी अमेरिकेने केलेल्या करारांत डिजिटल कुलूप तोडण्याविरुद्ध कायदा करणे बंधनकारक आहे. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले, तेव्हा कॉपीराइट मोडण्याच्या हेतूने कुलूप तोडले तरच शिक्षा, एवढी फट शहाण्या माणसांनी ठेवली. उद्या एखाद्या कराराच्या टेबलावर ती बुजवली गेली, तर आपल्या लेखकांना त्यातही कुणाची तरी चांदी दिसेल.

आणि हो, जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या करारात ६६.२ असे एक कलम आहे. अतिअविकसित देशांकडे तंत्रज्ञान जावे म्हणून श्रीमंत देशांनी आपल्या कंपन्यांना उत्तेजन द्यावे, असे ते सांगते. त्याचे अहवाल दरवर्षी जातात. डोंगल जात नाही.

जाता जाता एक. मागच्या महिन्यात माझे पत्र छापताना आपण त्यातला कलमांचा परिच्छेद उडवलात आणि ‘आपल्या लोकप्रिय दैनिकात’ हे शब्द तेवढे जपून ठेवलेत. या वेळी मी ते लिहिलेलेच नाहीत. जागा कमी पडली, तर कुंडी काढा, कलमांना हात लावू नका.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक