लापशी, दूध आणि रात्रीचा टायमर

प्रिय निखिल,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विजेचा नवा कुकर घेतल्याचे सांगितलेस. रात्री झोपण्यापूर्वी त्यात ओट्स आणि दूध घालून टायमर लावतोस आणि सकाळी उठल्याबरोबर गरम लापशी तयार असते, हेही तू उत्साहाने सांगितलेस. त्याच बोलण्यात, मधली एक रात्र उलट्यांत गेली पण आता बरा आहे, असे एक वाक्य तू घाईघाईने उरकलेस. तुझ्या आईचे तिकडे लक्ष नव्हते, माझे होते. त्या उलट्या दुधामुळेच झाल्या असे मी म्हणत नाही, त्याला इतर दहा कारणे असू शकतात. तरीही दूध रात्रभर कुकरच्या भांड्यात ठेवू नकोस, एवढे एकदाच सांगतो आणि लापशीकडे वळतो.

तू स्वतःसाठी रांधून खातोस हे ऐकून मला किती बरे वाटले ते फोनवर सांगता आले नाही. ताई घर सोडून गेली तेव्हा तिची अशी काळजी वाटली नव्हती. तुला मात्र भूक लागलेली कळत नाही, डोके दुखू लागले की मग कळते. त्यामुळे सकाळी पोटात काहीतरी गरम जाते आहे ही बातमी माझ्यासाठी मोठी आहे, आणि तुझी लापशी तुला हवी तशीच व्हावी, म्हणजे तू ती कंटाळून सोडणार नाहीस, असे मला मनापासून वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे ते यंत्र मुळात भातासाठी घडलेले आहे, हे लक्षात ठेव. जपानमध्ये १९५५ साली तोशिबाने पहिला स्वयंचलित विजेचा कुकर बाजारात आणला, तेव्हापासून त्याची सारी युक्ती पाणी संपण्यावर उभी आहे. भांड्यात मोकळे पाणी आहे तोवर तळाचे तापमान १०० अंशांच्या आसपास राहते. पाणी भातात मुरले की तापमान वर चढते आणि तेवढ्यावरून कुकरला भात झाल्याचे कळते. लापशीत पाणी असे संपतच नाही. त्यामुळे आपल्या घरातला खटक्याचा कुकर लापशी झाल्यावर आपण होऊन बंद होत नाही, ती तळाला धरेपर्यंत तो तसाच तापत राहतो आणि मला शेजारी उभे राहावे लागते. तुझ्या कुकरला लापशीचे वेगळे बटण असेल तर तो वेळेवर आणि मंद आचेवर चालतो. ते नसेल तर भाताच्या बटणावर भरवसा ठेवून आंघोळीला जाऊ नकोस.

दुसरी गोष्ट पाण्याची. कुकरसोबत येणारा कप बहुधा १८० मिलिलिटरचा असतो आणि पाककृतींतला कप २४० किंवा २५० मिलिलिटरचा, म्हणून ओट्स आणि पाणी दोन्ही एकाच कपाने मोज. चपट्या ओट्सना घट्ट लापशीसाठी दुप्पट पाणी लागते, पातळ हवी असेल तर तिप्पट. कापलेल्या, कण्यांसारख्या दिसणाऱ्या ओट्सना चौपट पाणी आणि सुमारे अर्धा तास लागतो. पण ही प्रमाणे चार माणसांच्या भांड्याची आहेत. वाफ होऊन जाणारे पाणी धान्य किती घातले यावर फारसे अवलंबून नसते. भांड्याचे तोंड केवढे आणि शिजायला वेळ किती, यावर ते ठरते. चौघांच्या लापशीतून जेवढे पाणी उडते जवळजवळ तेवढेच एकट्याच्या लापशीतूनही उडते, आणि म्हणून प्रमाण नुसते चाराने भागले तर तुझ्या वाट्याला गोळा येतो. एकट्यासाठी शिजवताना अर्धा कप पाणी वर घाल. हे मला माहीत आहे, कारण तुम्ही दोघेही गेल्यावर आणि आईची कामाची पाळी सकाळची असताना मी एकट्यापुरती लापशी करू लागलो.

तुला पातळ लापशी कधीच चालली नाही. वाटीत चमचा उभा राहिला पाहिजे हा तुझा हट्ट होता, आणि ताईला ती वाटी तोंडाला लावून पिता आली पाहिजे होती. मी एकाच भांड्यात करीत असे. आधी तिची वाटी काढून घ्यायची, मग झाकण काढून उरलेली आणखी काही मिनिटे आटू द्यायची. घड्याळाकडे पाहावे लागत नसे, आवाजावरून कळे. पातळ असताना बुडबुडे बारीक आणि भरभर फुटतात. लापशी दाटू लागली की ते जाड होतात, एकेक सुटा येतो आणि फद्‌ करून फुटतो, मागे क्षणभर खळगा राहतो. तो खळगा हळूहळू भरू लागला की तुझी वाटी भरायची. त्यापुढे थांबायचे नाही, कारण लापशी वाटीत गार होतानाही दाटतच जाते. खाताना जितकी घट्ट हवी त्याहून थोडी सैल असतानाच कुकर बंद करायचा, हे तुला कुठलेही बटण सांगणार नाही.

आता चवीचे. चिमूटभर मीठ सुरुवातीलाच घाल, गोड करायची असली तरीही. त्याशिवाय ओट्स मिळमिळीत लागतात. साखर किंवा मध मात्र शेवटी घाल, कारण साखर आधी पडली तर तळाला लवकर लागते. मनुका अर्ध्या वाटेवर घातल्या तर टपोऱ्या फुगतात. किसलेले सफरचंद वाढतानाच घाल, आणि कोरडे ओट्स आधी तव्यावर खमंग वास सुटेपर्यंत परतून पाहा, तुला ती चव आवडेल अशी माझी खात्री आहे. भांडे अर्ध्याच्या वर कधीही भरू नकोस. पिठूळ फेस चढतो आणि वाफेचे छिद्र बुजवतो. भांड्याच्या आतून, वरच्या काठाला बोटभर लोणी फिरवले तर फेस तिथे मोडतो. आणि भांडे आत ठेवण्यापूर्वी त्याचा तळ बाहेरून कोरडा पुसून घे.

दूध शेवटी. शिजवायचे पाण्यात, आणि दूध शेवटच्या दोन-तीन मिनिटांत घालायचे; सुरुवातीपासून दूध असले तर ते तळाला लागते, उतू जाते आणि ओट्सही नीट शिजत नाहीत. रात्रीच्या दुधाबद्दल पुन्हा बोलायचे नाही असे ठरवले होते, पण तू फोनवर म्हणालास की सकाळी सगळे उकळतेच ना, आणि त्या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय मला पत्र संपवता येत नाही. उकळल्याने जंतू मरतात हे खरे. परंतु ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात ते झपाट्याने वाढतात, म्हणून दूध फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असे सांगतात, आणि तू ते सात-आठ तास ठेवतोस. त्यांतले काही जंतू वाढताना असे विष सोडतात की ते उकळूनही नष्ट होत नाही. सकाळची लापशी वाफाळलेली दिसते, वासही चांगला येतो, आणि उलट्या मात्र व्हायच्या त्या होतातच. तू तिथे एकटा असतोस. रात्री दोन वाजता तुझ्या कपाळावर हात ठेवायला कुणी नाही.

हे व्याख्यान झाले, मला दिसते आहे. तू लहान नाहीस, स्वतःचे घर चालवतोस, आणि मी तुला दुधाचे धडे देतो आहे, माफ कर. आत्याच्या त्या आजारपणानंतर पोटाच्या दुखण्याचे नाव काढले की मला धीर राहत नाही. तेव्हा तिला तांदळाची पेजच पचत असे. पहिले काही दिवस एका वाटी तांदळाला दहा वाट्या पाणी, नंतर सात, आणि पाचवर आलो त्या दिवशी तिने स्वतःहून थोडी आणखी मागितली. त्या वेळी तू रोज शाळेतून आल्यावर आधी स्वयंपाकघरात येऊन आज किती पाणी घातले ते विचारायचास आणि तिला जाऊन सांगायचास. तुझे पोट अजून नाजूक वाटत असेल तर चार दिवस ओट्स बाजूला ठेव आणि तशीच पेज कर, मीठ घालून, दुधाशिवाय. पुन्हा उलट्या झाल्या तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा, सुट्टीची वाट पाहू नकोस. उरलेली पेज किंवा लापशी भांड्यात तशीच राहू देऊ नकोस, उथळ डब्यात काढून लवकर गार कर आणि फ्रिजमध्ये ठेव. गरम करताना थोडे पाणी घालून चांगली वाफ येऊ दे.

खरे तर चपट्या ओट्सना टायमर लागतच नाही. रात्री ते पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवलेस तर सकाळी तू तोंड धुऊन कपडे करीपर्यंत शिजून होतात, आणि दूध फ्रिजमधून तेव्हाच निघते. तुझी झोपेची दहा मिनिटे जातील, पण एवढे माझ्यासाठी कर.

अशा कुकरांच्या भांड्याच्या आत बहुधा भाताच्या आणि लापशीच्या रेषा वेगवेगळ्या असतात. तुझ्या भांड्यावर लापशीची सर्वांत खालची रेषा किती कपांची आहे आणि तू कोणते ओट्स आणलेस, चपटे की कापलेले, ते कळव. म्हणजे तुझ्या एका वाटीला, चमचा उभा राहील इतकी घट्ट होण्यासाठी, किती पाणी घालायचे ते मी इथे आपल्या भांड्यात करून पाहतो आणि नेमके लिहून पाठवतो.

तुझा,
बाबा