मंत्रीमहोदय, घर किती स्वस्त ते नंतर, आधी ते कुठे आहे ते सांगा

माननीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्री यांस,

साहेब, मी सकाळी सव्वासहाला घर सोडतो आणि संध्याकाळी साडेसातला परत येतो. त्यातले नऊ तास ऑफिसचे, उरलेले चार-सव्वाचार नुसते अप-डाउनमध्ये जातात. घर स्वस्तात मिळालं म्हणून इथे लांब राहायला आलो, आणि ते स्वस्त का होतं हे पहिल्याच महिन्यात कळलं. बायकोने तर नोकरीच सोडली, पगार कमी होता म्हणून नाही, मुलाची शाळा सुटायची तेव्हा ती अजून अर्ध्या रस्त्यात असायची म्हणून. म्हणजे घराच्या किमतीत आमचा एक पगार गेला, तो कुठल्याच कागदावर नाही.

तुम्ही नव्या घरांची घोषणा करता तेव्हा किती घरं आणि केवढ्याला एवढंच सांगितलं जातं. तिथून कामावर जायला किती वेळ लागेल ते कुणीच सांगत नाही, आणि माझी सगळी तक्रार तेवढीच आहे.

आमच्या स्टॉपवर सकाळी बस येते तीच खचाखच भरून, दारात लोंबकळणारी माणसं, मागच्या दोन स्टॉपवरचे तर चढूच शकत नाहीत, आणि त्याच वेळी समोरून शहराकडून येणारी तीच बस बघा, आत ड्रायव्हर, कंडक्टर आणि खिडकीला डोकं टेकून झोपलेला एखादा नाइट शिफ्टवाला. संध्याकाळी हेच उलटं. आता याला बस कमी आहेत असं म्हणायचं का? अर्ध्या फेऱ्या रिकाम्या पळतायत! सगळी ऑफिसं मधोमध आणि सगळी घरं कडेला ठेवली की कितीही गाड्या घेतल्या तरी एका बाजूला चेंगराचेंगरी आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या सीट हेच होणार. ब्राझीलच्या कुरितिबा शहराने १९७४ पासून बससाठी वेगळ्या लेन केल्या, पण नुसत्या लेन करून थांबले नाहीत, त्याच रस्त्यांच्या कडेने उंच इमारतींना परवानगी दिली आणि बाकीकडे कमी ठेवली, त्यामुळे लोक राहायलाच बसच्या रस्त्यावर आले.

रस्ता रुंद करतोय म्हणाल, तर अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच लिहून ठेवलंय की शहरातला एक्स्प्रेसवे मोठा केला की गर्दीच्या वेळची वाहतूक तेवढीच वाढून तो परत भरतो. पुढे २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांचे आकडे तपासले, तर लेन जितक्या वाढल्या साधारण तितक्याच प्रमाणात गाड्यांचं धावणं वाढलेलं. आणि रस्ता झाला की त्याच्या टोकाला अजून लांबची स्कीम येतेच, ते आम्ही डोळ्यांनी बघतोय.

मेक्सिकोत तर २००० नंतर इन्फोनावित या कामगारांना घरासाठी कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या कर्जांवर शहरांपासून लांब लांब लाखो घरं उभी राहिली, आणि २०१० च्या जनगणनेत देशात जवळपास ५० लाख घरं रिकामी निघाली. सगळी याच कारणाने नाही, पण कामापासूनचं अंतर हे त्यातलं मोठं कारण होतं. घर मिळूनही लोक राहिले नाहीत, यावरून अंदाज घ्या.

मग कुणी म्हणेल नोकऱ्याच तिकडे हलवा. इतकं सोपं नाही ते. स्टॉकहोमजवळ १९५४ मध्ये वेलिंगबी नावाचं उपनगर सुरू झालं, काम, घर आणि बाजार एकाच ठिकाणी असा प्लॅन, तरी तिथले बहुतेक लोक कामाला बाहेरच जात राहिले आणि तिथल्या ऑफिसात बाहेरचे येत राहिले. होणारच ना, एका घरात दोघं कमावतात, दोघांची ऑफिसं दोन दिशांना, नोकरी चार-पाच वर्षांत बदलते, घर काही बदलत नाही. पण ते उपनगर मेट्रोच्या लाइनवर बांधलेलं होतं, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांना गाडी न काढता जाता-येता आलं. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं.

म्हणून मागणी सरळ आहे. कुठल्याही गृहप्रकल्पाला मंजुरी देण्याआधी, तिथून सकाळी आठ वाजता बस किंवा ट्रेनने पाऊण तासात किती नोकऱ्यांपर्यंत पोचता येतं तो आकडा काढा आणि घराच्या किमतीशेजारी छापा. स्टेशनाला लागून जी सरकारी जमीन नुसती पार्किंगला दिलीय तिथे घरं बांधा, आणि त्यातली बरीचशी भाड्याची ठेवा, कारण भाडेकरूला नोकरी बदलली तर घर बदलता येतं, वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर असलेल्याला नाही येत. आमच्या कॉलनीच्या पलीकडे, अजून आत, पुढच्या टप्प्याचं मोजमाप सुरू झालंय. तिथे अजून बसस्टॉपसुद्धा नाही. त्याची फाइल तुमच्याकडे येईल तेव्हा आधी हा आकडा मागा, एवढीच कळकळीची विनंती.

आपला,
रोज अप-डाउन करणारा एक नागरिक