आईची इरकल

प्रिय शमे,

रविवारी तुझे दोन मिसकॉल पडले होते, रागावू नकोस गं, तेव्हा माझ्या मांडीवर गोधडीची एक कड, समोरच्या मावशींच्या मांडीवर दुसरी, आणि मधे आम्ही सहा जणी, एकीने हात हलवला तरी सगळ्यांचं कापड ओढलं जात होतं, त्यामुळे फोन उचलायला उठणं शक्यच नव्हतं. मग म्हटलं फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच काढावं. चहा घेऊन बस, पत्र मोठं आहे.

तुला मागे बोलले होते बघ, भोर तालुक्यात एका गावात तीन दिवसांचं गोधडीचं शिबिर आहे म्हणून. गेले. स्वारगेटहून एसटीने कापूरहोळला उतरले, तिथून पुढे जीप. फेब्रुवारी असूनही सकाळी दात वाजत होते इतकी थंडी, धरणाच्या पाण्यावरून वारं यायचं. राहायला एक जुना वाडा, आणि काम देवळाच्या सभामंडपात. आम्ही पुण्या-मुंबईकडच्या चौदा जणी आणि गावातल्या दहा-बारा बायका, त्यातल्या बहुतेक साठीच्या पुढच्या. जेवायला इंद्रायणीचा भात, आमटी, भाकरी, ठेचा. जेवणाबद्दल एवढंच, कारण मला साडीबद्दल सांगायचंय.

आईची जांभळी इरकल तुला आठवत असेलच. तुमच्या घरी हळदीकुंकवाला यायची ती तीच नेसून. आई गेल्यावर तीन वर्षं ती ट्रंकेत होती. मागच्या वर्षी आईच्या दुसऱ्या दोन साड्या मी एका दुकानात गोधडी करायला दिल्या होत्या, ते तुला कधी सांगितलं नाही कारण सांगताना रडू आलं असतं. परत आली ती मशीनवर शिवलेली, आत पॉलिएस्टरचा भरावा, आणि दोन साड्यांपैकी एकीचा पत्ताच नाही. विचारलं तर म्हणाले विरली होती, टाकून दिली. शमे, टाकून दिली! विरलेली म्हणूनच तर दिली होती गं मी. त्या दिवशी ठरवलं की इरकल कुणाच्या हातात द्यायची नाही, मी स्वतः शिकणार.

पहिल्या दिवशी मावशींनी (गावात सगळे त्यांना मावशीच म्हणतात) सारवलेल्या जमिनीवर एक गोधडी मांडून दाखवली. खाली धड साडी अंथरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, हाताने ताण देऊन एकेक चुणी बाहेर काढायची, त्यावर जुनं धोतर, चादरी, सदऱ्याच्या पाठी, जे असेल ते, पण सगळं सुती, आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं. नवं कापड आत घालायचं नाही, ते पहिल्या धुण्याला आटतं आणि सगळी गोधडी गोळा होते. टेरिकॉट तर बिलकुल नाही, ते घाम टिपत नाही. त्यावर वरची साडी, मग आडवे-उभे लांब कच्चे टाके, आणि मग कुठे खरा धावदोरा, कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत फिरत आत मधापर्यंत. ऊब कापडापेक्षा थरांमधे अडकलेल्या हवेची असते हे मी पुस्तकी भाषेत म्हणाले तर मावशी म्हणाल्या, "व्हय, म्हणून टाका लई आवळायचा न्हाई. गोधडीला श्वास पायजे."

नऊवारीचा हिशोबही त्यांनीच सांगितला. सव्वाआठ मीटर लुगडं, त्याचे चार तुकडे, दोनदोन तुकडे शेजारी ठेवून दंड घातला, म्हणजे मधे शिवून जोडले, की दोघांना पुरेल एवढी रुंदी होते, एक जोड खाली आणि एक वर. म्हणजे एका लुगड्यात गोधडीची दोन्ही अंगं निघतात, चिंधीसुद्धा उरत नाही. मी लगेच वहीत लिहून घेतलं. पण लिहिणं वेगळं आणि साडी पुढ्यात घेऊन बसणं वेगळं. सगळ्या जणी कामाला लागल्या आणि मी अर्धा तास नुसती इरकलीवर हात फिरवत बसले. टोप पदराच्या पांढऱ्या-लाल रेघा अजून तशाच आहेत गं. मावशी शेजारी येऊन बसल्या, काही विचारलं नाही, साडीच्या काठाला चिमूटभर कुंकू लावलं आणि कात्री माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "काठ तेवढा कात्रीनं तोड. मग हातानं फाड. सुताला वाट ठावी असती."

आणि खरंच. काठ रेशमी, तो तुटताना जोर लागला, पण पुढे दोन्ही हातांनी ओढलं तर टर्रकन एका रेषेत या काठापासून त्या काठापर्यंत फाटत गेली, एक सूतही वाकडं नाही. जुन्या सुताची बारीक धूळ उडाली आणि त्यात वास होता, ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा नाही, आईचा. शिकेकाई आणि चुलीचा धूर. मी तिथेच हमसून हमसून रडले, कुणी गप्प केलं नाही, कुणी पाणीही आणून दिलं नाही, सगळ्या आपापले टाके घालत राहिल्या आणि मला ते फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या बायकांनी आपापल्या पद्धती दाखवल्या. पुण्यात राहणाऱ्या एक बंगाली ताई होत्या, त्यांनी कांथा दाखवला, तो पण जुन्या साड्यांचाच, आणि पूर्वी टाक्यांचा रंगीत दोरासुद्धा साडीच्या काठातून ओढून काढायचे म्हणे. पण मला खिळवून ठेवलं ते हल्याळकडून आलेल्या एका सिद्दी आक्कांनी. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, म्हणजे कारवारकडे, हल्याळ, यल्लापूर भागात हे लोक राहतात, पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून गोव्यात आणली, त्यातले कितीतरी पळून घाटावरच्या जंगलात गेले, त्यांचे हे वंशज. आक्का जी कोकणी बोलत होत्या ती आम्हाला अर्ध्याहून जास्त कळत होती. त्यांच्या गोधडीला म्हणतात कवंदी. आधी नकाशा नाही, माप नाही, एका कोपऱ्यापासून ठिगळं लावत लावत कडेने फिरायचं आणि आत आत यायचं, हाताला येईल ते ठिगळ. निळ्याशेजारी भडक केशरी, त्याला लागून छोटंसं पिवळं, आणि तरी कुठे खटकत नाही, उलट बघत राहावंसं वाटतं. शेवटी चारी कोपऱ्यांना फूल लावायचं. फूल म्हणजे कापडाचे छोटे चौकोन, घडी घालून त्रिकोण करायचे आणि एकात एक बसवून शिवायचे. आक्कांची बोटं जाड, नखांत हळद, आणि घडी मात्र इतकी बारीक की माझ्या बोटांना पाचव्यांदा जमली. फुलाशिवाय कवंदी उघडी दिसते, असं त्या म्हणाल्या.

न्यू जर्सीहून सुट्टीला आलेली एक आपलीच मुलगी पण होती. तिने सांगितलं की अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे, तिथल्या काळ्या बायका शेतातल्या विरलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, थंडीसाठी, बाकी काही नाही, आणि 2002 साली त्याच गोधड्या ह्यूस्टनच्या म्युझियममधे भिंतीवर लागल्या, मग न्यूयॉर्कला गेल्या, 2006 साली तर त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. हे मावशींना सांगितलं तर त्यांनी सुई थांबवली आणि विचारलं, "मग पांघरत्यात काय आता?" कुणालाच उत्तर देता आलं नाही. मला वाटतं त्यांचा प्रश्न बरोबर होता. भिंतीवर लागल्या याचा आनंद आहेच, पण कुणाच्या अंगावर नसेल तर ती गोधडी कशाची.

संध्याकाळी सगळ्यांचं मिळून काम. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जन्मणाऱ्या बाळांसाठी दुपटी शिवायची होती, प्रत्येकीने घरून एक मऊ कापड आणलेलं, अकरा दुपटी झाली. एक मोठी गोधडीही सगळ्यांनी मिळून घातली, एका वेळी सहा जणींनी बसायचं, थोड्या वेळाने सहा उठायच्या आणि दुसऱ्या सहा बसायच्या. गंमत अशी की दुसऱ्या सकाळी मावशी त्या गोधडीवरून नुसता हात फिरवून सांगत होत्या, हा टाका हिचा, हा तिचा, इथं तुला झोप आली होती. माझा टाका म्हणे सुरुवातीला बारीक आणि पुढे पुढे पळतो. आईसुद्धा हेच म्हणायची, तुला आठवतं? शिवणाच्या तासाला बाईंनी माझा रुमाल उसवायला लावला होता तेव्हा.

शिवता शिवता बोलणं चालूच. एका आजींनी जनाबाईची गोष्ट सांगितली, विठ्ठल पहाटे घाईत जनीकडून निघाला तो आपला शेला तिथेच विसरून, आणि खांद्यावर जनीची वाकळ टाकून देवळात उभा. लहानपणापासून ऐकलीय ही गोष्ट, पण मांडीवर वाकळीचं ओझं घेऊन ऐकली तेव्हा पहिल्यांदा कळलं की देवाने काय पांघरलं होतं. जुन्या लुगड्याच्या वासाचं, धुराच्या वासाचं. मग गाडगेबाबांचा विषय निघाला, चिंध्यांचा वेष घालून गावोगाव झाडत फिरायचे म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे. त्या सभामंडपात कुणी प्रवचन देत नव्हतं गं, एकीकडे दोऱ्याला मेण लावत सहज सांगत होत्या.

तिसऱ्या दिवशी माझा एक घोटाळा झाला. गोधडी उलटी करून बघितली तर खालच्या साडीला हातभर लांब चुणी पडलेली, आणि त्यावरून माझे चार ओळी टाके गेलेले. कोपऱ्यावरचा एक दगड सरकला होता, मला कळलंच नाही. मावशींनी बघितलं आणि एकच शब्द, "उसव." दोन तास उसवत होते. विरलेलं कापड, जोर केला तर फाटणार, एकेक टाका सुईच्या टोकाने उचलायचा. पण उसवताना साडी जितकी जवळून बघितली तितकी शिवताना नव्हती बघितली. एका ठिकाणी आईनेच घातलेला रफू सापडला शमे, नखाएवढा, जांभळ्याच दोऱ्याने, बाहेरून दिसतसुद्धा नाही. तो मी तसाच वरच्या बाजूला राहील असा ठेवलाय.

तीन दिवसांत काय पुरी होते का, मावशी म्हणाल्या रोज बसलीस तर अजून पंधरा-वीस दिवस. आता घरी रोज रात्री जेवण झालं की बसते. कडेकडेने आत येत येत अर्ध्याच्या पुढे गेलेय, मधला चौकोन तेवढा मोकळा आहे, साधारण दीड हात बाय दीड हात. तिथे एक ठिगळ लावायचं माझ्या मनात आहे आणि ते विचारायलाच एवढं सगळं लिहिलं.

काकू गेल्यापासून तू ते कपाट उघडलेलं नाहीस, मला माहितीये. मी तुला उघड म्हणणार नाही, माझी ट्रंक तीन वर्षं बंद होती, मी कोण सांगणार. पण त्यांची ती हिरवी, बारीक चौकड्यांची, जी नेसून त्या आपल्या दोघींना गच्चीवर पापड राखायला बसवायच्या, त्यातलं एवढं कापड मला हवंय. आपण दोघी किती वेळा तिच्या पदराला हात पुसलेत. आई आणि काकू तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्या, तर या गोधडीत मधे काकूच असायला हव्यात असं मला मनापासून वाटतं. नको वाटलं तर नाही म्हण, मी तो चौकोन आईच्याच साडीने भरीन.

आणि हो म्हणालीस तर कुरियर करू नकोस, साडी घेऊन तूच ये. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने निघालीस की सकाळी पुण्यात, मी स्टेशनवर येते. तोपर्यंत मधल्या चौकोनाला सुई लावत नाही. कात्री माझ्याकडे आहे, कुंकूही आहे. काठ कात्रीने तोडायचा, मग तू एका बाजूने धर, मी दुसऱ्या बाजूने धरते.

वाट बघते.

तुझी,
कुंदी