रंगमंचावरचा अंधार कापू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका नाटकाच्या परीक्षणासोबत छापलेलं छायाचित्र मी काढलेलं होतं. मूळ चित्रात रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात एक बाई खुर्चीवर बसली आहे. वरून तिरका एकच दिवा, मांडीवर बंद पाकीट. बाकीचा पाऊण रंगमंच काळा. छापताना तो पाऊण भाग कापला गेला आणि उरलेल्या चौकटीतल्या सावल्या उजळल्या गेल्या. त्यामुळे बाईच्या पाठीमागे काळ्या कपड्यांत वाकून टेबल सरकवणारा नेपथ्याचा मुलगा स्पष्ट दिसू लागला. रंगीत तालमीला बसलेल्या एकालाही तो दिसला नव्हता. दिसू नये म्हणूनच तर त्याने काळे कपडे घातले होते.

मला फार वाईट वाटलं. स्वतःपेक्षाही प्रकाशयोजनाकारासाठी वाटलं, कारण कुठे उजेड टाकायचा याइतकाच कुठे टाकायचा नाही याचाही त्याने विचार केलेला असतो.

हा अंधार छायाचित्रात आणणं किती जिकिरीचं असतं ते सांगतो. कॅमेरा स्वतःच्या मनाने उजेड मोजतो तेव्हा समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. रंगमंच बहुतेक काळा असला की तो फसतो, जास्त उजेड आत घेतो आणि नटाचा चेहरा पांढराफटक पडतो. म्हणून आम्ही फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजतो आणि आकडे हाताने पक्के करतो. भरपूर उजेड आत घेणारी एफ २.८ ची लेन्स, शटर १/२५० सेकंद उघडं आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२००, हा माझा नेहमीचा मुक्काम. दिवा मंदावत जाऊ लागला की तिथून हलावं लागतं. हल्लीच्या एलईडी दिव्यांनी आणखी एक काम वाढवलंय. गडद निळ्या उजेडात चेहऱ्याचे बारकावे हरवून नुसता निळा डाग उरतो. आवाज होऊ नये म्हणून कॅमेऱ्याचं मूक शटर वापरावं, तर काही दिव्यांखाली चित्रभर आडवे पट्टे उमटतात.

फ्लॅश वापरायचा प्रश्नच येत नाही. तो नटाची एकाग्रता मोडतो, शिवाय योजलेला सगळा प्रकाश एका फटक्यात पुसून टाकतो. प्रेक्षकांनाही हात जोडून विनंती आहे. दहाव्या रांगेतून मोबाईलचा फ्लॅश रंगमंचापर्यंत पोहोचतच नाही, पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात.

खरं काम मात्र आकड्यांच्या आधीच सुरू होतं. पहिल्या तालमीला मी कॅमेरा मांडीवर ठेवून नुसता बघतो. महत्त्वाचं वाक्य बोलण्याआधी नट श्वास घेतो, खांदे किंचित वर जातात, नजर ठरते. शटर तिथे दाबायचं असतं. वाक्य सुरू झाल्यावर दाबलं तर वेडंवाकडं उघडलेलं तोंड हाती येतं. नर्तकी उडी घेते तेव्हा सर्वांत वर एक निमिष असं असतं की ती चढतही नसते आणि उतरतही नसते. ते डोळ्यांनी दिसल्यावर बोट हलवलं तर उशीर झालेला असतो. तिच्या पायांचा ताल आधी आपल्या अंगात मुरावा लागतो.

चौकटीतली मोकळी जागा किती मोलाची असते, याची दोन उदाहरणं देतो. १९४८ साली जर्मन नाटककार-दिग्दर्शक बेर्टोल्ट ब्रेख्त यांनी स्वित्झर्लंडमध्ये ‘अँटिगनी’ हे नाटक बसवलं, तेव्हा त्यांच्या सहकारी रूथ बेर्लाऊ यांनी त्याची छायाचित्रं काढली आणि पुढच्याच वर्षी ती पुस्तकरूपाने आली. कोण कुठे उभं आहे आणि कोणापासून किती लांब, हे दुसऱ्या दिग्दर्शकांना त्यावरून कळावं हा हेतू होता. अमेरिकी छायाचित्रकार बार्बरा मॉर्गन यांची रीत अगदी वेगळी. त्या नर्तकी मार्था ग्रॅहॅम यांची नृत्यं पुन्हा पुन्हा पाहत, नेमका क्षण मनात ठरवत आणि मग स्टुडिओत नव्याने प्रकाश लावून तो टिपत. कमरेत वाकलेली ग्रॅहॅम आणि मागे कमानीसारखा उसळलेला तिचा झगा, हे मॉर्गन यांचं १९४० चं छायाचित्र मी कितीदा पाहिलं असेल! झग्याभोवतीची मोकळी जागा कापून बघा, तो उसळायचा थांबतो. दोन माणसांमधलं अंतर कापलं की बेर्लाऊंच्या चित्रांचंही तेच होईल.

आपली अडचण मी समजू शकतो. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, काळ्यात काळं मिसळतं आणि चेहरा बुडतो. जागाही मोजकीच असते. पण त्यावर उपाय आहे. छपाईसाठी वेगळी प्रत आम्ही आनंदाने करून देऊ, तीत चेहरा थोडा उचलू आणि काळं काळंच ठेवू. चौकट उभी हवी की आडवी, एवढं आधी कळवा. त्या मापाचं चित्र आमच्याकडे बहुतेक वेळा असतंच. कापावंच लागलं तर एक फोन करा. आणि छायाचित्राखाली छायाचित्रकारासोबत प्रकाशयोजनाकाराचंही नाव द्या, ते चित्र अर्धं त्याचं असतं.

त्या बाईचं मूळ छायाचित्र सोबत पाठवत आहे. पुन्हा छापावं असा आग्रह नाही, पण पान लावणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना ते जरूर दाखवा. नाटकात ती बाई बराच वेळ त्या काळ्या भागाकडे पाहत बसते. पाकीट ज्याचं आहे, तो माणूस तिथूनच येणार असतो.

आपला,
एक नाट्यछायाचित्रकार