भारतीय पासपोर्टवरही कौन्सिलला मत

महोदय,

हॅरो, ब्रेंट, हौन्स्लो या लंडनच्या बरोंत (पालिका विभागांत) राहणारे अनेक मराठी भाडेकरू 'आपण ब्रिटिश नागरिक नाही, मग मत कुठले?' असे धरून चालतात. हा समज चुकीचा आहे. भारत राष्ट्रकुलात असल्याने वैध व्हिसावर राहणाऱ्या 18 वर्षांवरील भारतीयाला कौन्सिल म्हणजे स्थानिक पालिकेसाठीच काय, ब्रिटिश संसदेसाठीही मत देता येते.

कौन्सिल टॅक्स भरला म्हणून नाव मतदार यादीत जात नाही. नोंदणी वेगळी करावी लागते, तीही मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधीपर्यंत. घर बदलले की पुन्हा. केंद्रावर फोटो-ओळखपत्र लागते. भारतीय पासपोर्ट चालतो. मुदत संपलेलाही, चेहरा ओळखू आला तर. अडते ते बहुधा नावावर: यादीत सासरचे आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचे असेल, तर विवाह प्रमाणपत्र सोबत न्यावे. ओळखपत्रच नसेल, तर मोफत मतदार प्रमाणपत्रासाठी सहा कामकाजी दिवस आधी, सायंकाळी पाचपर्यंत अर्ज करता येतो.

कचरा, पार्किंग, भाड्याच्या घरांचे परवाने हे सारे कौन्सिलच ठरवते. मराठी मंडळांनी गणेशोत्सवात नोंदणीसाठी एक टेबल जरूर लावावे.

– एक वाचक, हॅरो