लिफाफ्यावरची तारीख: औषधाच्या दुकानातल्या काकांना आभाराचं पत्र

नागपूर

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

डोकेदुखीची गोळी न्यायला आलेल्या माणसाच्या खाकी लिफाफ्यावर तुम्ही निळ्या पेनाने दोनच गोष्टी लिहिता: आजची तारीख, आणि या महिन्यातली ही कितवी गोळी. आकडा दहाच्या पुढे सरकला की गोळ्यांचा नवा पत्ता काढण्याआधी विचारता, "डॉक्टरला दाखवलं का जी?" गिऱ्हाईक रागावतं, पलीकडच्या दुकानात जातं, तुमची विक्री बुडते. तरी तुम्ही लिहिणं सोडलेलं नाही. ते लिफाफे हातात घेऊन जे रुग्ण आम्हा डॉक्टरांकडे तपासून घ्यायला येतात, त्यांच्या आणि आमच्या वतीने तुमचे मनापासून आभार.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं असं उघड लिहितोय, कारण तुमची ही सवय शहरातल्या प्रत्येक औषधाच्या काउंटरवर पोचावी असं आम्हाला वाटतं.

मायग्रेन, म्हणजे आपली अर्धशिशी, सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही, रक्ताच्या तपासणीतही सापडत नाही. निदान होतं ते रुग्णाच्या सांगण्यावरून. दुखणं कसं आहे हे रुग्ण बारकाईने सांगतो, दिवस मोजायला मात्र चुकतो. "कधीमधी घेते" म्हणणाऱ्या बाईच्या लिफाफ्यावर महिन्यातल्या १८ तारखा निघतात, आणि त्या १८ तारखांनी उपचाराची दिशाच बदलते.

कारण असं आहे. ज्याला मुळात मायग्रेन किंवा ताणाची डोकेदुखी आहे, त्याने पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन अशा साध्या गोळ्या महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, तीन महिन्यांच्या वर घेतल्या, तर त्या गोळ्याच डोकं दुखवायला लागतात. कॅफिन घातलेल्या मिश्र गोळ्या, अर्गोटामिन आणि ट्रिप्टान ही मायग्रेनची खास औषधं, आणि ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची कडक वेदनाशामकं यांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी खाली, १० दिवसांवर आहे. डोकं दुखतं म्हणून गोळी, आणि गोळीचा अंमल उतरला म्हणून पुन्हा डोकं. सकाळी उठताउठताच ठणका असतो, पूर्वी चार तास पुरणारी गोळी दोन तासही पुरत नाही, आणि माणूस आणखी कडक गोळी मागायला तुमच्याकडे येतो. गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्या, पण डोकेदुखीची प्रकृती नसलेल्या माणसाला सहसा असं होत नाही. म्हणून "शेजारचे काका तर रोज घेतात" हा दाखला इथे चालत नाही.

तुमच्या पद्धतीत एक छोटी दुरुस्ती सुचवतो. गोळ्या मोजण्यापेक्षा दिवस मोजा. एकाच दिवशी तीन गोळ्या घेतल्या तरी तो एकच दिवस. रोज अर्धी घेतली तर ते ३० दिवस. साध्या गोळीचे आठवड्यात दोनच दिवस, एवढं गिऱ्हाइकाला सांगितलं तरी पुष्कळांचा पुढचा त्रास टळेल.

अशा रुग्णाची गोळी बंद केली की पहिले २ ते १० दिवस फार वाईट जातात. डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते, जीव घाबरा होतो. आणि याच दिवसांत तो पुन्हा काउंटरवर येऊन उभा राहतो. तेव्हा तुम्ही "अजून चार दिवस कळ काढा, हे उतरणारच आहे" म्हणता, तो धीर आमच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. मात्र ट्रामाडॉल, कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या सवयीने घेणाऱ्याच्या गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत. त्याला आधी डॉक्टरकडेच पाठवा.

"पित्त चढलं" म्हणून अँटासिड मागणारे तुम्हाला रोज भेटत असतील. डोकं ठणकतं, उलटी होते, उलटी झाल्यावर बरं वाटतं, म्हणजे पित्तच, असा आपल्याकडचा ठाम समज. खरं तर मळमळ आणि उलटी हा मायग्रेनचाच भाग आहे. मेंदूच्या आवरणांतल्या आणि चेहऱ्याकडच्या वेदनेच्या नसा, ट्रायजेमिनल नावाच्या, चेतवल्या जातात, त्यातून सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं, आणि मायग्रेनच्या त्याच झटक्यात (अटॅकमध्ये) जठराचं कामही मंदावतं. "सायनस आहे" म्हणणाऱ्यांपैकीही बहुतेकांना मायग्रेनच निघतो, कारण झटक्यात नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं. मान दुखते म्हणून "सर्व्हायकल", म्हणजे मानेच्या मणक्यांचा त्रास, समजून गळ्यात पट्टा घालणाऱ्यांचंही बऱ्याचदा तेच.

ओळखायला चार-पाच प्रश्न पुरतात. उपचार न घेता दुखणं ४ ते ७२ तास टिकतं का? एका बाजूला, ठणठण उडणारं आहे का? जिना चढला की वाढतं का? उजेड आणि आवाज दोन्ही नको वाटतात का, किंवा मळमळतं का? अशी माणसं अंधाऱ्या खोलीत पडून राहतात. ताणाच्या डोकेदुखीत दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखं वाटतं, माणूस कुरकुरत का होईना काम करत राहतो, चालल्याने ते वाढत नाही, उलटी होत नाही. काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येतात, ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत हळूहळू पसरतात. हा ऑरा. अशी बाई इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घेत असेल, तर तिला डॉक्टरकडे नक्की पाठवा. दोन्ही एकत्र आल्याने पक्षाघाताचा धोका वाढतो.

झटक्यातला उपचार फसतो तो मुख्यतः दोन कारणांनी: उशीर आणि अपुरा डोस. "बघू, आपोआप थांबलं तर" म्हणत दोन तास काढले की जठर मंदावलेलं असतं आणि गोळी तिथेच पडून राहते, किंवा उलटीतून बाहेर येते. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची ६५० ची एक गोळी मायग्रेनला बऱ्याचदा कमी पडते. १००० मिलिग्रॅम लागतं, किंवा आयब्युप्रोफेन ४००, किंवा नॅप्रोक्सेन ५००, दुखणं सुरू होताहोताच. पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. दारू घेणाऱ्याला आणि यकृताच्या रुग्णाला त्याहून बरीच कमी. मळमळ असेल तर डॉक्टर सोबत डोमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड देतात, ते उलटीसाठी तर असतंच, पण जठर पुढे सरकून गोळी रक्तात पोचावी म्हणूनही असतं. याने भागलं नाही तर सुमाट्रिप्टान ५० मिलिग्रॅम. हृदयविकार, पक्षाघात झालेला किंवा रक्तदाब आटोक्यात नसलेला रुग्ण असेल तर ते नाही.

अर्गोटामिनच्या मिश्र गोळीबद्दल विशेष विनंती. नागपुरात ती अजून "अर्धशिशीची गोळी" म्हणूनच मागितली जाते. गरोदर बाईला ती चालत नाही, ट्रिप्टान घेतल्यापासून २४ तासांत चालत नाही, आणि सोबत एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून बोटं काळी पडण्याची वेळ येऊ शकते. घसा बसला म्हणून अँटिबायोटिक आणि डोकं दुखतं म्हणून ही गोळी, दोन्ही एकाच लिफाफ्यात जाऊ नयेत यावर शेवटची नजर तुमचीच असते.

प्रतिबंधक गोळ्यांच्या बाबतीतही तुमचा आधार मोठा आहे. महिन्यात चार किंवा जास्त दिवस कामाचे जात असतील, तर रोजची गोळी देतात: प्रोप्रानोलॉल, रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅमपासून, टोपिरामेट २५ पासून हळूहळू वाढवत, किंवा रात्री फ्लुनारिझिन. लोक दहा दिवस घेतात आणि "काही फरक नाही" म्हणून सोडतात. फरक कळायला ६ ते ८ आठवडे लागतात, आणि झटके निम्म्यावर आले तरी ते यश मानायचं. दमा असलेल्याच्या चिठ्ठीत प्रोप्रानोलॉल दिसलं तर आम्हाला फोन करा. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, मुतखड्याची प्रवृत्ती वाढते, म्हणून पाणी भरपूर हवं, आणि गर्भधारणेचा विचार असलेल्या बाईला ते नको. फ्लुनारिझिनने वजन आणि झोप वाढते. चेहरा उदास दिसू लागला किंवा हात थरथरायला लागले, तर परत पाठवा.

आपल्या गावचं ऊन वेगळं लिहावं लागतं. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत पाणी कमी पडलं की मायग्रेन उसळतो, आणि शरीर सुकलेलं असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा नॅप्रोक्सेन पोटात गेलं तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गोळीआधी दोन ग्लास पाणी किंवा ओआरएस, हा तुमचा नियम आम्हीही उचलला आहे. दुपट्टा डोक्यामागे घट्ट गाठ मारून त्यावर हेल्मेट चढवणाऱ्यांचं डोकं नुसत्या दाबानेही दुखतं. दोन्ही काढल्यावर तासाभरात थांबलं, तर गोळीची गरजच नसते. गाठ तेवढी सैल करायची. पण उन्हातून आलेला माणूस बरळतोय, अंग भाजतंय, तर तो उष्माघात. त्याला पॅरासिटामॉल देण्यात वेळ घालवू नका. अंग ओलं करत, वारा घालत थेट मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्यायला सांगा.

संत्र्यावर खापर फोडणारे पुष्कळ भेटतात. आम्ही संत्री बंद करायला सांगत नाही. सकाळचं खाणं चुकणं, संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणं, रात्रीची अर्धवट झोप, रोज चार कप चहा घेणाऱ्याने एक दिवस चहा टाळणं, ही कारणं कितीतरी जास्त वेळा सापडतात. झटक्याच्या आदल्या दिवशी गोडाची ओढ लागणं हे कधीकधी झटक्याचंच पहिलं पाऊल असतं, त्यामुळे बदनाम मात्र बर्फी होते.

ताणाच्या डोकेदुखीला मानेच्या व्यायामानेही आराम पडतो. ताठ बसून हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे ओढायची, ५ सेकंद धरायची, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. खांद्यांवर १५ मिनिटं कोमट शेक. मोबाइल मांडीवरून डोळ्यांसमोर आणायचा.

आणि ही माणसं त्याच दिवशी पाठवा, लिफाफा न बघता: एका मिनिटाच्या आत आयुष्यातलं सर्वांत भयंकर दुखणं सुरू झालेली, ताप आणि मान ताठर झालेली, हात-पाय किंवा वाचा गेलेली, डोक्याला मार लागलेली, गरोदर किंवा बाळंतीण, खोकल्याने दुखणं वाढणारी, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखू लागलेली, विशेषतः जेवताना जबडा दुखत असेल तर.

या पत्रासोबत ५०० चिठ्ठ्या पाठवतोय. प्रत्येकीवर ३१ चौकोन आहेत. दुखलं तर चौकोनात कमी-जास्त दुखण्याप्रमाणे १, २ किंवा ३. गोळी घेतली तर खाली रेघ. पाळीच्या दिवशी टिंब. रात्री झोपण्याआधी भरायला अर्धं मिनिट लागतं. लिफाफ्यात गोळीसोबत एक एक टाका, काका. संपल्या की निरोप द्या, पुढच्या आणून देऊ.

तुमचे,
नागपुरात डोकेदुखीचे रुग्ण तपासणारे काही डॉक्टर